गिलावा न केलेला बंगला

सायकलवरून उतरता उतरता वजीर मिस्त्रींचा पाय चुकला आणि ते पडता पडता वाचले. हँडल तसंच घट्ट धरून ते फाटकात उभे राहिले. समोर पोर्चच्या खांबावर, बरोबर छातीच्या उंचीला, कुणीतरी पांढऱ्या ऑइलपेंटनं हातभर लांबीची फुली मारली होती. फुलीखाली सतराचा आकडा. रंग अजून ओला होता आणि त्याचा एक ओघळ विटांचे चार थर ओलांडून खाली उतरला होता.

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, खांद्यावरचा पंचा ओढला आणि ओघळ पुसायला लागले. पुसला तसा तो जास्तच पसरला. उघडी वीट ती. पाणी काय आणि रंग काय, समोर येईल ते पिऊन टाकायची तिची सवय.

“वैनीसाब!” त्यांनी हाक मारली आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. या अंगणात इतक्या मोठ्यानं ते एकेचाळीस वर्षांत कधी ओरडले नव्हते.

चंद्राबाई माने बाहेर आल्या. डाव्या हाताला कणीक तशीच आणि उजव्या हातात एक कागद. ज्यांनी हा बंगला बांधून घेतला त्या सुभेदार लालासाहेब मान्यांची ही सून. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला, बंगल्यात त्या एकट्याच. दर वर्षी दिवाळी झाली की वजीर मिस्त्री थापी आणि चुन्याची बादली घेऊन यायचे, विटांमधल्या दरजा जिथं झिजल्या असतील तिथं भरून द्यायचे. आजही ते त्याच कामाला आले होते.

“नऊ वाजता आले, वजीरभाई. चार माणसं,” चंद्राबाई म्हणाल्या. “दोघांनी टेप धरली, एकानं रंग लावला. मी म्हटलं, अहो, हे काय चाललंय? तर म्हणे, यादीत सतरावं घर तुमचं, कागद वाचा.”

“मग काय म्हणतोय कागद?”

“म्हणतोय, हा पोर्च आणि ही बसायची खोली मागाहून वाढवलीय. विनापरवाना. शेजारच्या गल्लीचा रस्ता रुंद व्हायचाय, त्यात ती येतात. परवा बुधवारी दहा दिवस होतील, त्या दिवशी कचेरीत येऊन काय ते सांगा. नाहीतर पंधराव्या दिवशी ते स्वतः पाडणार. बघा ना, कागद आज देतात आणि तारीख मात्र मागच्या आठवड्याची.”

शहात्तर सालचा नोव्हेंबर होता. आणीबाणीत रस्ते रुंद होत होते, आणि कचेरीतून आलेल्या कागदाला उलट प्रश्न विचारायचा असतो हेच लोक विसरत चालले होते.

वजीर मिस्त्री पायरीवर बसले. “मागाहून? आवं, मी सोता हितं विटा लावल्यात. जोत्यापास्नं एकसंध काम हाय ह्ये. वीट विटंत कशी गुतलीया बघा की. मागाहून कसं म्हणत्यात?”

“त्यांच्याकडे मंजूर नकाशा आहे म्हणे, पस्तीस सालचा. त्यात ह्या बाजूला मोकळं अंगण दाखवलंय.”

हे ऐकलं आणि वजीर मिस्त्रींनी विटेकडं केलेला हात मागं घेतला. चंद्राबाईंना वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला. धक्का बसला होता हे खरंच. पण त्यांना वाटला तो नव्हता.

सांगलीहून मिरजेला जाताना गाव मागं पडून माळ लागायचा, तिथं हा बंगला उभा राहिला तेव्हा माणसं टांगा करून बघायला यायची आणि हसून परत जायची. आपल्याकडं घर म्हणजे काळा दगड नाहीतर पांढरी माती. विटांचं असलं तरी वर गिलावा आणि त्यावर चुन्याची सफेदी. ही भिंत मात्र उघडीच. सुभेदार मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावच्या बाजूचे. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षं बंगलोरच्या छावणीत होते. तिथली नुसत्या लाल विटांची घरं त्यांच्या डोळ्यांत भरली होती. पेन्शनीत आल्यावर त्यांनी मुलाच्या शाळेसाठी सांगली गाठली, माळावर जागा घेतली, पुण्याच्या एका इंजिनियराकडून नकाशा मागवला आणि बोलावणं धाडलं ते खणभागातल्या चांदसाहेब मिस्त्रींना. चांदसाहेब म्हणजे वजीरचे वडील.

“वर कायच लावायचं न्हाई? ऊनपावसात वीट अशीच?” चांदसाहेबांनी सुभेदारांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदाही “न्हाई” असंच उत्तर आलं, तेव्हा ते म्हणाले, “मग वीट मी निवडणार.” आणि खरोखर त्यांनी एकूण एक वीट हातात घेऊन थापीच्या दांड्यानं वाजवली. खणखणीत वाजेल ती दर्शनी बाजूला, बद्द वाजेल ती आतल्या भिंतीला. खिडक्यांवरच्या कमानी घासून बसवलेल्या विटांच्या, त्यांच्या सांध्यात पोस्टकार्ड शिरणार नाही अशा. तरीही गावातले लोक पुढं दहा वर्षं विचारत राहिले, “काय सुभेदार, गिलाव्याला मुहूर्त कवा?”

वजीर तेव्हा एकवीस वर्षांचा. नंतर त्यानं पुष्कळ कामं केली. विट्याच्या गलाईवाल्यांची घरं बांधली, ज्यांची माणसं परमुलखात सोनं गाळायची आणि इकडं चकचकीत फरशीचा हट्ट धरायची. कुपवाडला कारखाने आले तशा शेडा बांधल्या, चुना सोडून सिमेंट धरलं, दोन मुली कऱ्हाडला आणि इस्लामपुरात दिल्या, गुडघे घालवले. काम चोख, जीभ गोड, पण एका बाबतीत माणूस हट्टी. नकाशा पसरायचा तो शाईची बाजू वर करून. आता कचेरीतून येणाऱ्या छापील नकाशांना कसली शाई आणि कसली दुसरी बाजू! तरी मिस्त्री कागद हातात घेऊन दोनदा पालथा-उताणा करून बघणार आणि मगच म्हणणार, “शाई वर. पुसली तर पुसू दे.” कुपवाडचे गवंडी त्यांना पाठीमागं ‘शाईवर मिस्त्री’ म्हणायचे. कुणी तोंडावर विचारलंच, तर ते गालावरून हात फिरवून सांगायचे, “ल्हानपणी अब्बांनी मुस्काटात दिली हुती ह्यावरनं. जन्मात एकदाच हात उचलला, पर असा उचलला गड्या, की अजून ध्यानात हाय.”

चंद्राबाईंनी त्याच दुपारी पुण्याला तार केली. तिथल्या एका वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवणारे देशिंगकर नावाचे प्राध्यापक पावसाळ्यात दोन दिवस येऊन बंगल्याची मापं, फोटो, टिपणं घेऊन गेले होते. तार मिळताच ते दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाले. बारीक अंगाचे, बोलताना हात फार हलवणारे. फुली बघितल्यावर मात्र त्यांचे दोन्ही हात खालीच राहिले.

“खांबावर? ऑइलपेंट?” एवढंच म्हणाले.

चहा झाल्यावर ते वजीर मिस्त्रींना घेऊन घराभोवती फिरले. “मिस्त्री, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे? राजवाडे जपायला सरकार आहे. देवळं जपायला गुरव आहेत. पेन्शनीतल्या सुभेदाराचं घर कोण जपणार? माणसं पहिल्यांदा गावाबाहेर पडून सुटी, स्वतंत्र घरं बांधायला लागली त्या काळातलं हे. इथलीच माती, इथलाच गवंडी, आणि एवढी नीट उघडी वीट. सातारा आणि सांगली दोन्हीकडे हिंडलो मी. याच्या तोडीचं दुसरं दिसलं नाही.”

वजीर मिस्त्रींची मान जरा ताठ झाली.

“आणि सगळ्यांत मोठी गोष्ट सांगू? तोंड! तेव्हाचे बंगले साहेबाच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचललेले असायचे. पण या इंजिनियरानं पोर्च आणि बसायची खोली पूर्वेला घेतली आणि पश्चिमेला कोठी अन् न्हाणीघराची आंधळी भिंत दिली. दुपारचं ऊन घरात शिरतच नाही. याला म्हणतात जाण! मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय हे.”

मिस्त्रींची मान पुन्हा खाली गेली. ते वाकून एक दरज बोटानं चाचपू लागले. दरजेला काही झालेलं नव्हतं.

“पण सर, त्यांच्या नकाशात पोर्च पश्चिमेला आहे त्याचं काय?” चंद्राबाईंनी विचारलं.

“जागेवर बदललं असणार. इंजिनियर आला, ऊन-वारा पाहिला, म्हणाला फिरवा तोंड. मिस्त्री, त्या वेळचे तुम्ही एकटेच उरलात. तुम्ही कचेरीत तेवढंच सांगायचं.”

“इंजिनियर कवाच हितं आला न्हाई, साहेब.”

“तुम्हाला आठवत नसेल.”

“मला समदं आठवतंय,” मिस्त्री म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की देशिंगकरांना ऐकूच गेलं नाही.

चंद्राबाई मात्र विचारात पडल्या होत्या. “म्हणजे मंजुरी एक आणि मुद्दाम बांधलं दुसरं, असंच ना ते? मग तर तेच म्हणतील, बघा, विनापरवाना.” मग म्हणाल्या, “मामंजींचा मूळ नकाशा गावाकडच्या ट्रंकेत असेल. आजच संध्याकाळच्या एस्टीनं कोरेगावला जाते, सकाळी परत येते. त्यात काही निघालं तर निघालं.”

मूळ नकाशा हे शब्द ऐकून वजीर मिस्त्रींच्या कपाळाला घाम आला. नोव्हेंबरात.

संध्याकाळी घरी जरिनाबी भाकऱ्या थापत होत्या. मिस्त्री चुलीसमोर येऊन बसले. चाळीस वर्षांच्या संसारात ते चुलीसमोर तीनदाच येऊन बसले होते, दोन्ही मुलींच्या लग्नाआधी आणि अब्बा गेले त्या दिवशी. जरिनाबींनी भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, “कोण गेलं?”

“कुणी न्हाई. मान्यांचा बंगला पाडाय निघाल्यात. अर्धा.”

“या अल्ला!”

“आणि मी तो वाचवू शकतो. पर अब्बांचं नाव जातंय.”

मग त्यांनी सांगितलं. कुणाला कधी न सांगितलेलं. चांदसाहेबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नकाशाच्या रेघा कळायच्या. मापं ते खाचा पाडलेल्या पट्टीनं घ्यायचे, इंग्रजी आकड्यांकडं बघायचेसुद्धा नाहीत. त्या काळी मूळ नकाशा मेणकापडासारख्या आरपार दिसणाऱ्या कापडावर शाईनं काढलेला असायचा. गवंड्याचे हात सदा ओले, चुन्याचे. शाई पुसू नये म्हणून चांदसाहेब नकाशा फळीवर पालथा पसरायचे आणि खिळे मारायचे. पाठीकडून रेघा दिसतच. आजवर बांधलेली घरं तीन खोल्यांची, डावी-उजवी बाजू सारखीच, त्यामुळं कधी काही बिघडलं नव्हतं. हा बंगला डावा-उजवा सारखा नव्हता.

“मी पंधरा दिस कुपवाडच्या माळावर हुतो, भट्टीवर. तवा कुठलं कारखानं तिथं! विटांच्या गाड्या घिऊन आलो तर जोतं वर आलेलं. फळीवर नकाशा बघितला. मी चौथी शिकलेला, इंग्रजी आकडं वळखत हुतो. तीनाचा आकडा पाठमोरा उभा. मला वाटलं डोळं फिरलं. मग कोपरा उचलून बघितला. आख्खा बंगला पालथा बांधत हुतो आमी! डावीकडचं उजवीकडं.”

जरिनाबींची भाकरी तव्यावर करपायला लागली होती.

“मग बोलला न्हाई?”

“आठ माणसं कामावर. अब्बा पाठमोरे, वळंबा सोडून भिंत सरळ हाय का बघत हुते. बापाला आठ माणसांत सांगू की तुमी चुकला? म्हटलं, सांजच्याला सांगतो. सांजच्याला म्हटलं, सकाळी. तवर चार थर चढलं. सुभेदार गावाकडं गेले हुते, ते आले तर भिंती खिडकीला लागलेल्या. त्यांनी फिरून बघितलं, पोर्चच्या जाग्यावर लय वेळ मिशी पिळत उभं ऱ्हायले, माझा हिकडं जीव चाललाय, आणि म्हणाले, ‘झकास, चांदसाहेब! चहा सांगा.’ त्यांना बी कळलं न्हाई. सुटलो म्हटलं. तवापास्नं गप हाय.”

जरिनाबींनी करपलेली भाकरी उतरवली. त्या नवऱ्याकडं असं बघत होत्या की जणू चुलीसमोर कुणी परकाच माणूस येऊन बसलाय. सासऱ्यांना त्या मामू म्हणायच्या. म्हणाल्या, “कालवणात मीठ कमी पडलं तर आळी गोळा करता. आणि मामूंनी आख्खा बंगला पालथा घातला तर चाळीस वरसं चकार शब्द न्हाई?”

“हसू नगंस.”

“हसू न्हाई तर काय करू? त्या बंगल्याचं काम उरकल्याबिगर निका न्हाई म्हणून माझं लगीन वरीसभर थांबलं हुतं!” मग त्यांचा आवाज उतरला. “आवं, अब्बांचं नाव हाय तरी कुठं? कबरीवर धोंडाबी न्हाई. जे हाय ते त्या भिंतीत हाय. ती पडली मग कुणाची लाज राखणार तुमी?”

बुधवारी कचेरीत साहेबांच्या टेबलावर दोन कागद होते. पस्तीस सालच्या मंजूर नकाशाची निळी प्रत, आणि सोमवारी त्यांच्या माणसांनी बंगल्याची मापं घेऊन काढलेला नवा आराखडा. साहेब तरुण होते, थकलेले होते, आणि चंद्राबाईंना त्यांनी बसायला खुर्ची दिली. पण बोलणं सरळ. “बाई, हे बघा. मंजूर पश्चिमेला, जागेवर पूर्वेला. एक तर मागाहून बांधलं, नाहीतर मंजुरी मोडून बांधलं. तिसरं काय असू शकतं ते मला सांगा.”

देशिंगकरांनी अहवाल पुढं केला आणि इंजिनियरच्या जाणिवेबद्दल बोलायला सुरुवात केली. साहेबांनी दोन मिनिटं ऐकलं. “म्हणजे मुद्दाम मंजुरी मोडली. लिहून देता?”

देशिंगकरांनी पेन उघडलं, पण कागदाला टेकवलं नाही. सगळे वजीर मिस्त्रींकडं बघू लागले. मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभे होते, इस्त्रीचा सदरा, डोक्यावर जुम्म्याची टोपी.

“वैनीसाब, तो गावाकडचा नकाशा आणलाय न्हवं?”

चंद्राबाई त्याच सकाळी कोरेगावहून थेट कचेरीत आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी सुतळीनं बांधलेली पिवळट गुंडाळी काढली. गाठ सोडायलाही सवड मिळाली नव्हती. मिस्त्रींनी ती नखानं सोडवली, नकाशा उलगडला आणि साहेबांना म्हणाले, “ही शाईची बाजू. तुमच्या निळ्या कागदावानीच हाय का?”

“तसाच आहे. मग?”

मिस्त्रींनी नकाशा पालथा केला आणि दोन्ही हातांनी खिडकीच्या काचेवर धरला. मागून ऊन आलं आणि रेघा उजळल्या. “आता तुमचा नवा आराखडा ह्याच्या शेजारी धरा, साहेब.”

साहेब उठले. कागद शेजारी धरला. पोर्चला पोर्च. कोठीला कोठी. न्हाणीघराला न्हाणीघर. ते एकदा इकडं बघत, एकदा तिकडं. बाहेर टाइपरायटर वाजत होता तोही थांबल्यासारखा वाटला. देशिंगकरांचं पेन उघडंच होतं, त्याची शाई त्यांच्या अहवालाच्या पहिल्या पानावर उतरत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

“शाई पुसू ने म्हणून नकाशा पालथा पसरायची रीत हुती,” मिस्त्री म्हणाले. त्यांचे हात काचेवरच होते, तोंड खिडकीकडं. “एक इंच मागाहून न्हाई. मंजुरीचाच बंगला हाय, निस्ता पालथा बांधलाय.”

“म्हणजे तुमच्या वडिलांची चूक झाली?”

एवढं सोपं वाक्य, पण ते म्हणायला वजीर मिस्त्रींना एकेचाळीस वर्षं लागली होती.

“व्हय साहेब. चुकले. मला ठावं हुतं, मी बोललो न्हाई.”

चंद्राबाईंनी तोंडावर पदर धरला. ज्या घरात नवी नवरी म्हणून आल्या, मूल वाढवलं, नवऱ्याला शेवटचं बघितलं, ते घर पालथं आहे हे त्यांना आज कळत होतं.

“थांबा, हात हलवू नका,” साहेब एकदम म्हणाले. “इथं खाली काहीतरी लिहिलंय.”

पालथ्या नकाशावरचे सगळे इंग्रजी आकडे पाठमोरे दिसत होते. पण खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या पुसट चार ओळी सरळ होत्या, मराठीत. म्हणजे कुणीतरी त्या मुद्दाम पाठच्या बाजूवर लिहिल्या होत्या. साहेबांनी चष्मा वर केला आणि वाचलं:

“ता. ११ मार्च १९३५. काम या बाजूप्रमाणे झाले आहे. मापे आज स्वतः मोजली, सर्व बरोबर. चांदसाहेबांस कोणी बोलू नये, बापलेक फार जिवापाड राबतात. दुपारी उन्हात उभा राहून पाहिले, असेच बरे. लालासाहेब माने.”

“मामंजींचंच अक्षर,” चंद्राबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागं टेकल्या.

वजीर मिस्त्रींचे हात काचेवरून घसरले. नकाशा खाली पडला असता, तो साहेबांनी धरला. मिशी पिळत उभे राहिलेले सुभेदार, “झकास” म्हणणारे सुभेदार, दर ईदेला शीरखुर्म्याची वाटी चाटूनपुसून परत देणारे सुभेदार! पुढची बावीस वर्षं ते जगले, शेकडो वेळा समोर आले, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?

साहेबांनी त्या दिवशी काहीच कबूल केलं नाही. शुक्रवारी ते स्वतः टेप घेऊन बंगल्यावर आले. पालथ्या नकाशाप्रमाणे आकडा सांगायचे, मिस्त्री टेप धरायचे. साडेबारा फूट, साडेबारा. नऊ फूट चार इंच, नऊ फूट चार इंच. सगळा बंगला फिरून झाल्यावर साहेब पोर्चमध्ये थांबले. दुपारचे तीन वाजले होते आणि तिथं गार सावली होती. त्यांनी रुमालानं मान पुसली, समोर गल्लीपलीकडच्या पडीक जागेकडं बघितलं. “रस्ता तिकडं सरकतोय सहा फूट. नोटीस मागं घेतल्याचा कागद सोमवारी येईल,” म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

देशिंगकर मागं राहिले होते. डाग पडलेलं पहिलं पान त्यांनी वहीतून काढून चुरगळलं. “मी त्या इंजिनियरचं नाव पहिल्या ओळीत घातलं होतं,” ते म्हणाले. “तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगा, मिस्त्री.”

“चांदसाहेब इमामसाहेब गवंडी. पर चूक बी लिवणार?”

“लिहिणार. त्याशिवाय हे घर समजणारच नाही कुणाला.”

नोटीस टळेपर्यंत मिस्त्री घरी काही बोलले नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी जरिनाबींना सगळं सांगितलं. सुभेदारांच्या चार ओळींपर्यंत आल्यावर जरिनाबींनी डोळे पुसले. “शरीफ माणूस. तरी बरं, मामूंना शेवटपतुर कळलं न्हाई.”

“त्येच. तेवढ्यासाठी तर मी गप हुतो. कळलं असतं तर खचलं असते. कामाच्या बाबतीत लय तापट. ल्हानपणी नकाशा पसरण्यावरनं मला कसली मुस्काटात दिली हुती!”

“ल्हानपणी?” जरिनाबी म्हणाल्या. “ती तासगावच्या शाळंच्या कामावरची? ल्हानपणी कुठली? माझ्या लग्नाला दोन महिनं झालं हुतं. तुमी गाल सुजवून घरी आलात, मी हळद लावली. मिशा फुटलेल्या नवऱ्याला सासरा मारतोय बघून मी रडले हुते. म्हटलं, कसल्या घरात पडले!”

वजीर मिस्त्रींचा हात गालाकडं गेला आणि तिथंच राहिला.

तासगावची शाळा. तिथं त्यांनी अब्बांनीच शिकवल्याप्रमाणं नकाशा पालथा पसरला होता, शाई खाली. अब्बा आले, बघितलं, आणि खाडकन… “शाई वर! पुसली तर पुसू दे!” आवाज फाटलेला. तेव्हा वाटलं होतं, रोज्याचे दिवस आहेत, उपाशीपोटी डोकं फिरलं असेल. आणि तो दिवस पुढं कसा कोण जाणे, ल्हानपणात जाऊन बसला होता. पण लगीन झालं होतं, म्हणजे बंगला पुरा झाला होता. म्हणजे जन्मभराची रीत अब्बांनी बंगल्यानंतर बदलली होती. माणूस आपली रीत उगीच बदलत नाही.

“जरिना,” ते म्हणाले. “अब्बांना ठावं हुतं गं.”

चुलीवरचं दूध वर आलं, उतू गेलं. दोघांपैकी कुणीही ते उतरवायला हात पुढं केला नाही.

“मग आमी तिघं बी,” मिस्त्री म्हणाले, “कुणापास्नं लपवत हुतो?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्राबाई झाडलोट करायला बाहेर आल्या तेव्हा वजीर मिस्त्री पोर्चच्या खांबासमोर पोतं अंथरून बसले होते. रंग रॉकेलनं निघाला नव्हता. घासला तर विटेची कातडी सोलवटून निघाली असती. म्हणून त्यांनी छिन्नीनं दरजा मोकळ्या करून फुलीखालच्या विटा एकेक काढल्या होत्या. पाच निघाल्या, सहावी हलत होती. प्रत्येक वीट ते फिरवत होते. पांढरा रंग आत, आणि पस्तीस सालापासून उजेड न बघितलेली आतली बाजू बाहेर. ती बाजू अजून तशीच होती, लाल, कोवळी. बसवण्याआधी ते थापीच्या दांड्यानं वीट वाजवून बघत. खणखणीत.

चंद्राबाईंनी केरसुणी खाली ठेवली. मग न राहवून म्हणाल्या, “वजीरभाई, उलट्या लावताय का काय विटा?”

मिस्त्रींनी मान वर केली नाही. ओळंबा सोडला, एक डोळा मिटून बघितलं.

“व्हय,” ते म्हणाले. “आमच्या घराण्याची रीतच हाय ती.”